लाल बटण दाबल्यावर…

लेथ असो वा कन्व्हेयर, पिवळ्या पार्श्वभूमीवर अळंबीसारख्या डोक्याचं लाल बटण असतंच. कामगार त्याला 'इमर्जन्सी' म्हणतात. घाबरलेल्या माणसाने तळव्याने, कोपराने, कसंही थापटलं तरी ते दाबलं जावं म्हणून डोकं एवढं मोठं. दाबलं की ते आतच अडकतं. सोडवलं तरी यंत्राने आपणहून सुरू व्हायचं नाही, असं आयएसओ १३८५० हे मानक सांगतं.

खरी हुशारी जोडणीत आहे. दारावरच्या बेलचं बटण दाबलं की सर्किट जुळतं. इथे दाबल्यावर ते तुटतं. म्हणजे यंत्र चालू राहायला या तारेतून सतत प्रवाह वाहायला हवा. उंदराने तार कुरतडली, स्क्रू ढिला झाला, तरी यंत्र थांबणार. रेल्वेच्या साखळीचंही तेच: ती ओढली की ब्रेक पाइपमधली दाबलेली हवा सुटते आणि ब्रेक लागतात. पाइप फुटला तरीही लागतात.

संगणकांनाही ही सोय होती. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टीम/३६० वर ओढायची लाल मूठ असे. एकदा ओढली की ती पूर्ववत करायला तंत्रज्ञालाच बोलवावं लागे. उगाच कुणी हात लावू नये, यासाठी हा उत्तम बंदोबस्त!

पण वीज तोडली म्हणजे यंत्र थांबलं, असं नाही. जड चाक नुसत्या वेगावर फिरत राहतं. म्हणून काही यंत्रांत वीज आधी ब्रेक लावण्यासाठी वापरतात आणि मग तोडतात. चेर्नोबिलमध्ये तर २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे थांबवण्याचं बटणच घातक ठरलं. नियंत्रक कांड्यांच्या खाली ग्रॅफाइटचे भाग होते. बटण दाबल्यावर कांड्या आत उतरताना त्यांनी तळाचं पाणी बाजूला सारलं, तिथली अभिक्रिया वाढली आणि आधीच अस्थिर झालेली अणुभट्टी काही सेकंदांत फुटली. हा दोष १९८३ मध्येच लिथुआनियातल्या इग्नालिना इथल्या याच प्रकारच्या अणुभट्टीत दिसला होता. तरी ज्यांनी बटण दाबलं, त्यांच्यावरच आधी ठपका आला, हे मला अन्यायाचं वाटतं.

आपल्या छोट्या वर्कशॉपमधल्या जुन्या पिन-क्लचच्या पॉवर प्रेसचीही अशीच मर्यादा आहे. क्लच एकदा पकडला की फेरा पूर्ण झाल्याशिवाय रॅम, म्हणजे दाब देणारा वर-खाली होणारा भाग, थांबत नाही. लाल बटण तोवर काहीच करू शकत नाही. तिथे बोटं वाचवते ती जाळी, म्हणजे गार्ड. उत्पादन वाढावं म्हणून ती काढून ठेवली असेल, तर मालकांनी आजच पुन्हा बसवावी.