अपडेट झालं, पण अर्धंच!

रात्रीचे अकरा वाजलेत. उद्या फर्स्ट शिफ्ट, नाहीतर सकाळचं पहिलं प्रॅक्टिकल. फोन चार्जिंगला लावताना स्क्रीनवर ती ओळ येते, 'नवीन सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध आहे.' तुम्ही काय करता? 'नंतर' दाबता आणि झोपता. आणि हे 'नंतर' कधी कधी तीन महिने चालतं, हो ना?

तुमचंही फार चुकत नाही म्हणा. मागच्या अपडेटनंतर कुणाची बॅटरी दुपारीच मान टाकते, तर कुणाला रोजचं बटणच सापडत नाही. 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' हे वाक्य भोसरीच्या वर्कशॉपमध्ये जितकं ऐकू येतं, तितकंच निगडी-आकुर्डीच्या हॉस्टेलवर.

म्हणून आज एका अपडेटचा नीट हिशेब मांडू. सॅमसंगचं वन यूआय ७, म्हणजे अँड्रॉइड १५ वर बेतलेलं मोठं अपडेट. तुमचा फोन दुसऱ्या कंपनीचा असला तरी पान उलटू नका. यातली सगळ्यात कामाची गोष्ट तुमच्याही फोनमध्ये असण्याची शक्यता आहे.

जमलंय काय?

दिसायला बरंच काही बदललं. लॉक स्क्रीनवर खाली 'नाऊ बार' आला. गाणं, टायमर, स्टॉपवॉच फोन न उघडता दिसतं. बॅटरीचं चार्जिंग ८०, ८५, ९० किंवा ९५ टक्क्यांवर थांबवता येतं. रात्रभर फोन चार्जरला लटकवून झोपणाऱ्यांनी एवढं एक तरी करावंच, बॅटरी जास्त वर्षं टिकते.

पण खरी कमाई आहे ती चोरीविरोधी कुलपांची. टू-व्हीलरवरून येऊन हातातला मोबाईल हिसकावल्याच्या बातम्या आपल्या भागाला नव्या नाहीत. चाकणच्या तळेगाव चौकात गाडीची वाट बघताना, मोशीच्या रस्त्यावर बोलत चालताना फोन हातात असतो आणि मुख्य म्हणजे उघडा असतो. उघडा फोन गेला की फक्त फोन जात नाही. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, ओटीपी, सगळंच समोरच्याच्या हातात पडतं. महिन्याचा स्टायपेंड ज्या खात्यात येतो, त्याची दारंसुद्धा.

गुगलने यावर तीन कुलपं दिली आहेत आणि ती अँड्रॉइड १० पासून पुढच्या बहुतेक फोनवर चालतात. पहिलं कुलूप हिसका ओळखतं. हातातून खेचून कुणी पळतंय किंवा गाडीवरून निघालंय असं सेन्सरला वाटलं, की स्क्रीन आपोआप लॉक होते. फोन बराच वेळ इंटरनेटपासून तोडला गेला, तर दुसरं कुलूप लागतं. तिसरं तुमच्या मित्राच्या फोनवरून लावायचं. 'अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक' या पत्त्यावर जाऊन स्वतःचा नंबर टाकायचा, विचारलेली पडताळणी पूर्ण करायची, झालं लॉक. पासवर्ड आठवत बसायची गरज नाही. पण तुमचा फोन त्या वेळी इंटरनेटला जोडलेला हवा. पहिलं कुलूप दर वेळी हिसका ओळखेलच अशी हमी नाही, म्हणून तिन्ही लावून ठेवायची.

वन यूआय ७ ने यात 'आयडेंटिटी चेक'ची भर घातली. घर किंवा हॉस्टेलसारख्या विश्वासू जागेच्या बाहेर कुणी सुरक्षेच्या सेटिंग बदलायला गेलं, तर फक्त पिन चालत नाही, बोट किंवा चेहरा लागतो. बसमध्ये मागच्या सीटवरून कुणी पिन बघितला असेल, तरी त्याला पुढे जाता येत नाही.

मग डोकं कुठे फिरतं?

पहिली गोष्ट म्हणजे, ही कुलपं बहुतेक फोनवर बंदच येतात. नाऊ बार न मागता समोर हजर, आणि कुलूप मात्र सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. जे दिसायला छान ते पुढे, जे उपयोगी पडतं ते आत, हा या अपडेटचा सगळ्यात मोठा दोष आहे.

दुसरी गोष्ट नोटिफिकेशनची. वरून खाली ओढलं की आधी सूचना आणि बटणं एकत्र दिसायची. आता उजव्या कोपऱ्यातून ओढलं तर बटणं, बाकीकडून ओढलं तर सूचना. सवय होईपर्यंत चिडचिड ठरलेली. सुदैवाने बटणांच्या पानावरच्या पेन्सिलच्या खुणेतून पॅनल सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पुन्हा एकत्र करता येतात.

तिसरी गोष्ट जुनीच आहे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन न वापरलेली अ‍ॅप झोपवतो. आता विचार करा, प्लेसमेंटचं अ‍ॅप तुम्ही रोज थोडंच उघडता? ते झोपलं की इंटरव्ह्यूची सूचना वेळेवर येईलच असं नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'कधीही झोपवू नये' अशी यादी असते. त्यात हे अ‍ॅप स्वतः टाकावं लागतं.

चौथी अडचण खास आपल्या पट्ट्यातली. आयडेंटिटी चेक बोटाचा ठसा मागतं. पण दिवसभर फाइलिंग, वेल्डिंग किंवा ग्रीस लागलेले पार्ट हाताळल्यावर बोट ओळखायला सेन्सर तयार होतो का? एकच बोट नोंदवलं असेल तर अडकलातच समजा. दोन्ही हातांची बोटं नोंदवा, चेहराही नोंदवा.

आणि उशीर! अँड्रॉइड १५ चा सोर्स कोड गुगलने सप्टेंबर २०२४ मध्ये खुला केला. सॅमसंगच्या तेव्हाच्या महागड्या एस २४ पर्यंत हे अपडेट पोचलं एप्रिल २०२५ मध्ये. काही फोन अनलॉकच होत नसल्याच्या तक्रारी आल्यावर ते मध्येच थांबवावंही लागलं होतं. स्वस्त फोन रांगेत त्याच्याही मागे. पुढच्या वन यूआय ८ च्या वेळी गाडी सुधारली, अँड्रॉइड १६ आल्यानंतर तीनेक महिन्यांत ते यायला लागलं. म्हणजे मनावर घेतलं की जमतं!

नोंद कुठे आहे?

चाकण एमआयडीसीत अप्रेंटिसशिप केली असेल तर एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. साधा बोल्ट बदलला तरी ड्रॉइंगला नवा रिव्हिजन नंबर पडतो. काय बदललं, का बदललं, सही कुणाची, सगळं कागदावर. आणि फोनचं अपडेट येतं तेव्हा? 'स्टॅबिलिटी सुधारली, काही त्रुटी दूर केल्या.' कुठली त्रुटी? काय बिघडलं होतं? पत्ता नाही.

हा प्रश्न फक्त फोनपुरता राहिलेला नाही. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाड्यांनाही इंटरनेटवरून अपडेट मिळतात. त्या अपडेटची नोंद उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी लिहिणार आहे. ती वाचून गाडीच्या मालकाला काही कळावं असं वाटत असेल, तर ग्राहक म्हणून आज आपणही तेवढं मागायला हवं.

नवा फोन घेताना

कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारताच, त्यासोबत 'अपडेट किती वर्षं?' हेही विचारा. एस २४ ला ७ वर्षांचं वचन आहे, त्याहून कितीतरी स्वस्त ए १६ ५जी ला ६ वर्षांचं. युरोपीय संघात जून २०२५ पासून यासाठी नियमच आहे. तिथे मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट मिळायला हवं. आपल्याकडे मात्र दुकानात उभं राहून तुम्हालाच विचारावं लागतं.

पिंपरीच्या मार्केटमधून सेकंडहँड फोन घेत असाल, तर आणखी जपून. ही वर्षं तुम्ही फोन घेतल्यापासून नव्हे, तो बाजारात आल्यापासून मोजतात. २०२२ चा एस २२ स्वस्तात मिळतो खरा, पण अँड्रॉइड १६ हे त्याचं शेवटचं मोठं अपडेट.

तर आज रात्री दहा मिनिटं काढा. बॅकअप घ्या, अपडेट टाका. पहिले एक-दोन दिवस फोन गरम होईल, बॅटरी लवकर उतरेल, घाबरू नका. मग सेटिंगच्या सर्चमध्ये 'थेफ्ट' टाइप करा आणि तिन्ही कुलपं चालू करा. शेवटी *#०६# डायल करून येणारा आयएमईआय नंबर वहीत लिहून ठेवा. फोन गेलाच तर पोलिसांत तक्रार दिल्यावर 'संचार साथी' पोर्टलवर याच नंबरने तो ब्लॉक करता येतो. नंबर फोनमध्ये नाही, वहीत लिहा. फोनबरोबर तोही गेला तर काय उपयोग?