दूधसागरला कधी आणि कसं जायचं?

दूधसागरची जी छायाचित्रं मोबाइलवर फिरतात, ती बहुतेक भर पावसातली असतात. अख्खा कडा पांढराशुभ्र आणि मधल्या पुलावरून चाललेली आगगाडी. नेमक्या त्याच दिवसांत पायथ्याकडे जाणारा जंगलातला रस्ता बंद असतो. एका दिवसाचा बेत आखणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावं.

हा धबधबा गोवा-कर्नाटकच्या सीमेवर, भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी इथे सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने उतरतं. कातळावर आपटत, फुटत येतं, म्हणून त्याचा असा फेस होतो. पायथ्याचा रस्ता मात्र ओढ्यांच्या पात्रांतून जातो. पावसाळ्यात ते दुथडी भरतात, जीप जाऊच शकत नाही. साधारण ऑक्टोबरमध्ये रस्ता खुला होतो आणि मे अखेरपर्यंत चालू राहतो. पण फेब्रुवारीनंतर धार बारीक होत जाते. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर. पाणीही भरपूर, रानही हिरवं.

पावसातलं रूप पाहायचंच असेल, तर ते रेल्वेच्या डब्यातून पाहावं. पोर्तुगीज अमदानीत, १८८०च्या दशकात बांधलेला हा मार्ग कॅसल रॉकहून कुळ्याकडे उतरतो. चढ ३७ला १ असा खडा, त्यामुळे गाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागतात. गाडी धबधब्यासमोरून जाते तेव्हा दारात लोंबकळू नका, आणि उतरून रुळांवरून चालायचा विचारही करू नका. बोगदे अरुंद आहेत, पावसाच्या आवाजात मागची गाडी ऐकू येत नाही. रुळांवरून चालणं हा गुन्हाही आहे. २०२३च्या जुलैत अशी गर्दी उसळल्यावर रेल्वेने कारवाई केली होती.

मोसमात गेलात तर मुक्काम मडगाव किंवा पणजीला असला तरी सकाळी लवकर कुळं गाठा. बेळगावकडून येणाऱ्यांनी अनमोड घाट उतरून मोल्याला वळावं. खासगी गाडी कुळ्यातच ठेवावी लागते; पुढचे दहा-बारा किलोमीटर परवाना असलेल्या जीपनेच जायचं. शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत जीपसाठी मोठी रांग लागते, म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस धरा. सोबत लाइफ जॅकेट घ्यावंच लागतं. जीप थांबते तिथून शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायी आहे. तळव्याला घट्ट पकड असलेली पादत्राणं हवीत. गुडघेदुखीच्या आजी-आजोबांना आग्रह करून नेऊ नका. पोहता येत असलं तरी डोहात जॅकेट काढू नका. पाण्याखालचे दगड निसरडे असतात आणि खोली अचानक वाढते.

दुपारी परतल्यावर वेळ उरलाच, तर याच अभयारण्यातलं तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर पाहून घ्या. कदंबकालीन, काळ्या दगडातलं हे कोरीव देऊळ मला धबधब्याइतकंच मोलाचं वाटतं.

आणि एक विनंती. धबधब्याजवळची माकडं हातातल्या पिशव्यांवर झडप घालतात, कारण पर्यटकांनीच त्यांना तशी सवय लावली आहे. त्यांना काहीही खायला घालू नका. प्लॅस्टिक आत नेऊच नका, आणि जे न्याल ते सगळं परत कुळ्यापर्यंत आणा.