तीन तासांचा पेपर, बारा तासांची बैठक

लातूरच्या उद्योग भवन परिसराला सगळे ‘ट्यूशन एरिया’च म्हणतात. नांदेडमध्ये तशीच गर्दी श्यामनगर, भाग्यनगरच्या गल्ल्यांत असते. ‘नीट’च्या तयारीसाठी परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवच्या गावांतून आलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांचा दिवस इथे एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकतो. खोली शोधतानाच पालकांनी ‘क्लासजवळ हवी’ अशी अट घातलेली असते, त्यामुळे चालणे पाच मिनिटांत संपते. क्लास, अभ्यासिका, जेवण आणि झोपण्याआधीचा मोबाइल असा हिशेब केला, तर बैठक सहज बारा तासांवर जाते. जोडीला रात्रीच्या जागरणातली चहा-बिस्किटे आणि वडापाव. दिवाळीत मूल घरी आले की ‘शहराचं पाणी मानवलं’ असे कौतुक होते.

नुसते बसल्याने काय बिघडते?

रक्तातली साखर सर्वाधिक वापरतात ते स्नायू, त्यातही मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू. ते हलतात तेव्हा इन्शुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात. तासन् तास बसल्यावर हे काम थंडावते आणि तेवढीच साखर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडावे लागते. वयात येताना इन्शुलिनचा परिणाम तसाही काहीसा कमी होतो. त्यात पोटावर आणि यकृतात चरबी असेल तर ओढाताण आणखी वाढते.

गोम अशी की, स्वादुपिंड जास्त राबत असल्याने साखरेचा रिपोर्ट अनेक वर्षे नॉर्मल येऊ शकतो. खुणा दुसरीकडे दिसतात. मानेवर, काखेत काळपट, जाडसर पट्टा येतो. घरचे तो मळ समजून साबणाने घासत राहतात. मुलींची पाळी अनियमित होते आणि ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून विषय संपतो.

मूल जाड दिसत नाही, मग?

याचे उत्तर पुण्यात शोधले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात दिसले, की आपली बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने जास्त असते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. देशाच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातही (२०१६-१८) तेच दिसले. १० ते १९ वयोगटात जादा वजनाची मुले सुमारे ५ टक्के होती, पण मधुमेहपूर्व अवस्थेतली सुमारे १० टक्के आणि ट्रायग्लिसराइड वाढलेली १६ टक्के.

सकाळी तासभर पळाले की झाले?

जागतिक आरोग्य संघटना या वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. आठवड्यातून तीन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायामही हवेत, जोर-बैठका चालतील. पण बसण्याचा वेळ कमी करा, हे संघटना वेगळे सांगते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ७ ते ११ वर्षांच्या निरोगी मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुले एकदा सलग तीन तास बसली आणि एकदा दर अर्ध्या तासाने तीन मिनिटे भरभर चालली. चालण्याच्या दिवशी इन्शुलिनची पातळी ३२ टक्क्यांनी कमी राहिली. नंतरच्या जेवणात मुलांनी जास्त खाल्लेही नाही.

आपल्याकडे दोन तासांच्या मध्ये शिक्षक बदलतात, मुले जागचीच राहतात. सलग बसण्याची सवय हवी, हा क्लासचालकांचा मुद्दा खोटा नाही. ‘नीट’चा पेपर तीन तासांचा आहे. पण तो सराव टेस्टच्या दिवशी पुरे. रोजच्या वर्गात अर्ध्या तासाने निदान उभे राहायला कोणती अडचण आहे?

मुलींची अडचण खरी आहे. संध्याकाळी मैदानावर जायला घरून आणि होस्टेलवरून परवानगी मिळत नाही. गच्चीवर दोरीवरच्या उड्या, जिना आणि उभ्याने पाठांतर एवढे तरी त्यांच्या हातात असते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात मुलांनाही हेच बरे.

महिनाभर घाम गाळून काटा हलला नाही की मुले व्यायाम सोडतात. इथेच पालकांनी सबुरी धरावी. वजन तेवढेच राहिले तरी यकृतातली चरबी घटू शकते आणि इन्शुलिन नीट काम करू लागते. उपाशी ठेवणे किंवा चारचौघांत ‘जाड्या’ म्हणणे याने मात्र मूल मैदानापासून आणखी लांब जाते.

काट्यापेक्षा शिंप्याची टेप उपयोगी. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला किंवा मानेवर काळा पट्टा दिसला, तर लातूरच्या विलासराव देशमुख किंवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दाखवावे. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, चरबी आणि यकृताची तपासणी करायला एक सकाळ जाते. टेस्ट नसलेला दिवस निवडला तर मूलही कुरकुर करत नाही.