मास्कचा वाद आणि तज्ज्ञांची पत

मास्कने साथ आटोक्यात येते का, हा प्रश्न ऐकायला एकच वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. कापडाच्या किंवा कृत्रिम धाग्यांच्या थरात कण अडतात का, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न. माणसांनी मास्क वापरला तर वस्तीतले रुग्ण कमी होतात का, हा साथरोगशास्त्राचा. आणि सक्ती केली तर माणसे तो नीट आणि गरज असेल तिथे वापरतात का, हा समाजाचा आणि प्रशासनाचा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत काही दिवसांत मिळते, दुसऱ्याला महिनोन्‌महिने लागतात आणि तिसऱ्याचे उत्तर गावागणिक बदलते. मास्कवरून शंभर वर्षांत जी भांडणे झाली, त्यांतली बरीचशी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधल्यामुळे झाली. हे काम लोकांनी जितके केले, तितकेच तज्ज्ञांनीही.

बोलताना तोंडातून उडणाऱ्या बारीक थेंबांत जिवंत जंतू असतात, हे कार्ल फ्लुगे यांनी १८९७ च्या सुमारास ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे दाखवले. त्याच शहरातले शल्यविशारद योहान मिकुलिच तेव्हापासून तोंडाला गॉझ बांधून शस्त्रक्रिया करू लागले. तो मास्क रुग्णाच्या जखमेच्या रक्षणासाठी होता. बांधणाऱ्याच्या रक्षणासाठी नव्हे. मास्कला ही दुसरी भूमिका मिळाली ती १९१०-११ च्या हिवाळ्यात, मांचुरियातल्या फुप्फुसाच्या प्लेगमध्ये. पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले डॉ. वू ल्येन-तेह यांनी हार्बिनला पोहोचताच हा आजार श्वासातून पसरतो असे निदान केले आणि गॉझ व कापसाचे जाड मास्क वापरायला लावले. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे मुंबईतल्या संशोधनाने त्याआधी काही वर्षेच पक्के झाले होते, त्यामुळे अनेक डॉक्टरांची नजर तिथेही उंदरांवरच खिळलेली होती. फ्रेंच डॉक्टर मेस्नी हे वयाने आणि अनुभवाने मोठे. त्यांनी वू यांचे म्हणणे धुडकावले आणि मास्क न लावताच रुग्ण तपासले. काही दिवसांत त्यांचा प्लेगने मृत्यू झाला. या साथीत सुमारे ६० हजार माणसे दगावली.

मास्कच्या सक्तीवरून पहिला मोठा सार्वजनिक वाद मात्र सॅन फ्रान्सिस्कोत झाला. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएंझाची लाट शहरात शिरली, तेव्हा आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम हॅसलर यांच्या आग्रहावरून नगरपालिकेने मास्क बंधनकारक केला. मोडणाऱ्याला ५ ते १०० डॉलर दंड किंवा दहा दिवसांपर्यंत कैद. युद्ध चालू होते, त्यामुळे मास्क न लावणारा म्हणजे देशाच्या कामात अंग चोरणारा, असा प्रचार झाला. रेडक्रॉसच्या जाहिरातीत तर गॉझचा मास्क ९९ टक्के परिणामकारक असल्याचे छापले गेले. हा आकडा कुठल्याही प्रयोगातून निघालेला नव्हता. ऑक्टोबर संपता संपता एका आरोग्य निरीक्षकाने मास्क लावायला नकार देणाऱ्या घोड्यांच्या नालबंदावर भर रस्त्यात गोळी झाडली. पुढे महापौर जेम्स रॉल्फ हेच एका मुष्टियुद्धाच्या सामन्यात मास्कविना बसलेले छायाचित्रात दिसले आणि त्यांना ५० डॉलर दंड भरावा लागला.

२१ नोव्हेंबर १९१८ रोजी दुपारी भोंगे वाजले आणि लोकांनी मास्क काढून रस्त्यात फेकले. डिसेंबरमध्ये रुग्ण पुन्हा वाढू लागले, तेव्हा जानेवारी १९१९ मध्ये आदेश परत आला. या वेळी मात्र लोकांची तयारी नव्हती. मास्कविरोधी लीग स्थापन झाली. तिच्या अध्यक्ष ई. सी. हॅरिंग्टन या वकील होत्या आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या होत्या. २५ जानेवारीच्या सभेला दोन हजारांच्या आसपास लोक जमल्याचे सांगितले जाते. त्यांत व्यक्तिस्वातंत्र्यवादी होते, व्यापारी होते आणि मास्कच्या उपयोगाचा पुरावा मागणारे डॉक्टरही होते. विरोधक म्हणजे सगळे अडाणी, हे चित्र तेव्हाही खरे नव्हते. १ फेब्रुवारीला सक्ती उठली. इतके करूनही पश्चिम अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा मृत्युदर वरच्या क्रमांकावरच राहिला.

असे का झाले, याचा शोध कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे सचिव डॉ. विल्फ्रेड केलॉग यांनी घेतला. त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग आजही वाचण्यासारखे आहेत. जंतू फवारायचे, मध्ये गॉझचे थर धरायचे आणि पलीकडच्या तबकडीवर किती वसाहती उगवतात ते मोजायचे, अशी सरळ रचना. थर वाढवले की जंतू अडत; पण उपयोग होण्याइतके थर घातले की श्वास घेणे जड जाई आणि हवा मास्कच्या कडांमधून वाट काढी. त्याहून मोलाचे त्यांचे दुसरे निरीक्षण होते. सक्तीमुळे लोक रस्त्यावर आणि मोटारीत, म्हणजे गरज नसताना पण पोलीस पकडतील तिथे, मास्क लावत. आणि कचेरीत, बैठकीत, मित्रमंडळीत, म्हणजे खरा धोका तिथे, काढून ठेवत. सक्ती समर्थनीय ठरेल इतका परिणाम दिसत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. थोडक्यात, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते शोधत होते आणि सापडले तिसऱ्याचे.

आजचा मास्क गॉझपेक्षा फार वेगळा असला, तरी तो चाळणीसारखा काम करतो हा समज अजून टिकून आहे. विषाणू ०.१ मायक्रॉनचा आणि कापडाची छिद्रे त्याच्या कितीतरी पट मोठी, तेव्हा मास्क निरुपयोगी, हा युक्तिवाद त्यातूनच येतो. पण विषाणू सुटा फिरत नाही. लाळेच्या आणि श्लेष्म्याच्या कणात बसून येतो. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही आणि धाग्यावर आपटतो. अगदी बारीक कण हवेतल्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत जाऊन धाग्याला चिकटतो. या दोन्हींच्या मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा कण पकडायला सर्वांत अवघड. म्हणूनच एन-९५ मास्कची परीक्षा त्या आकाराच्या कणांवर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के कण अडणे आवश्यक असते. त्याच्या धाग्यांना विद्युतभारही दिलेला असतो. पण चेहरा आणि मास्क यांच्यात फट राहिली, की हवा सोप्या वाटेने जाते. केलॉग यांचा कडांचा मुद्दा शंभर वर्षांनंतरही तसाच उभा आहे.

कोविडच्या काळात वाद पेटला तो अपुऱ्या माहितीच्या जागेवर. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल जेरोम अॅडम्स यांनी मास्क विकत घेणे थांबवा, असे लोकांना ट्विटरवरून बजावले. सर्वसामान्यांना मास्कचा उपयोग नाही, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना तो मिळाला नाही तर सगळेच धोक्यात येतील, ही दोन विधाने त्यात शेजारी शेजारी होती. निरुपयोगी वस्तू डॉक्टरला कशाला हवी, हे शाळकरी मुलानेही विचारले असते. खरी अडचण तुटवड्याची होती, हे अमेरिकेचे संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची यांनी जूनमध्ये उघड बोलून दाखवले. दरम्यान लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग होतो याचे पुरावे साचत गेले आणि ३ एप्रिलला अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने लोकांना कापडी मास्क सुचवला. त्याच वार्ताहर बैठकीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी, आपण तो बहुधा लावणार नाही, असे सांगून टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी मास्कची शिफारस केली ती ५ जूनला. हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्सची आठवण ताजी होती. तिथल्या लोकांनी जानेवारीतच, कोणी सांगण्याची वाट न पाहता, मास्क चढवले होते.

सल्ला बदलला म्हणून विश्वास गेला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पुरावा बदलला की सल्ला बदलणे हे विज्ञानाचे कामच आहे. नुकसान झाले ते ‘पुरावा अपुरा आहे आणि मास्कही अपुरे आहेत, म्हणून आधी दवाखान्यांना’ असे न सांगता ‘उपयोग नाही’ असे ठामपणे सांगितल्यामुळे. रेडक्रॉसचे ९९ टक्के आणि अॅडम्स यांचे ‘निरुपयोगी’ ही एकाच चुकीची दोन टोके होती.

त्याहून खोल मतभेद तज्ज्ञांच्या आपसात होते. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे ठळकपणे जाहीर केले होते. त्यामागे पाच मायक्रॉनची एक जुनी रेघ होती: त्याहून मोठा तो थेंब, मीटर-दीड मीटरवर खाली पडणारा, त्याहून लहान तो हवेत तरंगणारा. पण हवेचे भौतिकशास्त्र जाणणाऱ्यांना ही रेघ विचित्र वाटत होती. कित्येक पट मोठे कणही बराच वेळ तरंगू शकतात. पाच मायक्रॉन हा आकडा मुळात क्षयरोगाच्या अभ्यासातला, फुप्फुसात खोलवर पोहोचणाऱ्या कणांचा. तो कधीतरी तरंगणाऱ्या कणांची मर्यादा म्हणून पाठ्यपुस्तकांत शिरला, असे हवेतल्या कणांच्या अभ्यासक लिन्सी मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने संशोधन चाळून दाखवले. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या स्कॅजिट खोऱ्यात एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर ६१ पैकी ५३ जण निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले, दोघांचा मृत्यू झाला. केवळ जवळून उडालेल्या थेंबांनी याचा उलगडा होणे कठीण होते. जुलैत, हवेतून होणारा प्रसार मान्य करा असे सांगणाऱ्या लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पत्राला २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला. संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी २०२२ च्या अखेरीस पद सोडताना, हे आधीच मान्य करायला हवे होते, असे मोकळेपणाने सांगितले. हात धुणे आणि टेबल पुसणे यांवर जितका भर दिला गेला, तितका खिडक्या उघडण्यावर दिला गेला नाही, ही त्या विलंबाची किंमत होती.

भारतात मास्कचा वाद तत्त्वाचा फारसा झालाच नाही. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी मास्क शिवण्याची पुस्तिका ३१ मार्च २०२० रोजी, म्हणजे सीडीसीच्या शिफारशीच्या आधी, काढली. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क बंधनकारक केला, आठवडाभरात देशभर तोच नियम आला. उन्हाधुळीपासून वाचायला तोंडाला स्कार्फ गुंडाळून दुचाकी चालवणाऱ्या पुण्याला तर यात नवे काही नव्हते. भांडण झाले ते दंडावरून. मुंबईत तो आधी हजार रुपये होता, सप्टेंबर २०२० मध्ये दोनशे झाला. वसुलीला क्लीन-अप मार्शल उभे राहिले आणि हनुवटीवरचा मास्क समोर खाकी दिसताच नाकावर जाऊ लागला. ७ एप्रिल २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मोटारीत एकटा असलेल्या माणसालाही मास्क बंधनकारक ठरवला. हॉटेलात मात्र टेबलापर्यंत मास्क आणि बसल्यावर मोकळा श्वास, असाच रिवाज होता. केलॉग यांनी नोंदवलेली मोटार पुन्हा एकदा रस्त्यावर आली होती. महाराष्ट्रात ही सक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्यापासून उठली.

सक्ती न करता काय साधते, याचे सर्वांत चांगले उत्तर बांगलादेशातून आले. अर्थशास्त्रज्ञ जेसन अबालक, मुश्फिक मोबारक आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२० पासून ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांवर चाचणी केली. निम्म्या गावांत घरोघरी फुकट मास्क दिले, मशिदीतून इमामांनी आवाहन केले, बाजारात स्वयंसेवकांनी सौम्यपणे आठवण करून दिली. नीट मास्क लावणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. मोबाइलवरचे संदेश किंवा गावाला बक्षीस यांनी त्यात भर पडली नाही. माणसाने समोर येऊन सांगण्याने पडली. लक्षणांसह रक्तचाचणीत सापडलेले संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटले; सर्जिकल मास्क दिलेल्या गावांतल्या साठीपुढच्या लोकांमध्ये घट ३५ टक्के होती. कापडी मास्कचा परिणाम स्पष्ट दिसला नाही. त्याआधीच्या डेन्मार्कमधील सुमारे ६ हजार लोकांच्या चाचणीत मास्क सुचवलेल्या गटात १.८ टक्के आणि दुसऱ्यात २.१ टक्के बाधित निघाले. हा फरक योगायोगाचा असू शकतो इतका लहान होता, आणि ती चाचणी फक्त लावणाऱ्याच्या बचावाची होती, समोरच्याच्या नव्हे. हा तपशील मथळ्यांत आला नाही.

विश्वासाची घसरण तोपर्यंत मोजता येऊ लागली होती. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत वैद्यकीय शास्त्रज्ञांवर भरपूर विश्वास असलेल्या अमेरिकनांचे प्रमाण नोव्हेंबर २०२० मध्ये ४० टक्के होते, डिसेंबर २०२१ मध्ये २९. दरम्यान सीडीसीने मे २०२१ मध्ये लस घेतलेल्यांना मास्कमधून सूट दिली आणि विषाणूचा डेल्टा प्रकार आल्यावर जुलैत पुष्कळ भागांत ती मागे घेतली. या वेळी कारण पुराव्याचेच होते, पण ऐकून घेण्याची तयारी उरली नव्हती.

जानेवारी २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ७८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला; समाजात मास्क वापरल्याने फारसा फरक पडत नसावा, असे त्यात म्हटले होते. ‘मास्क कुचकामी’ असे मथळे झळकले. मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांनी तो अर्थ चुकीचा असल्याचा खुलासा केला: आढावा मास्कचा नसून मास्क वापरायला सांगण्याच्या उपायांचा आहे आणि निष्कर्ष अनिर्णित आहेत. मास्कविषयीच्या चाचण्यांत कोविडकाळातल्या मोजक्याच होत्या, बाकीच्या फ्लू आणि तत्सम आजारांच्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आपला आढावा काढला. त्यात केवळ यादृच्छिक चाचण्या न घेता निरीक्षणात्मक अभ्यासही धरले होते, आणि मास्कने संसर्ग कमी होतो, चांगल्या प्रतीच्या मास्कने अधिक, असा निष्कर्ष निघाला. काय पुरावा म्हणून धरायचे, यावरच दोन्ही आढाव्यांतला फरक उभा आहे, आणि त्यावर साथरोगतज्ज्ञांचे अजून एकमत झालेले नाही.