वर्गाचे मृत्युपत्र (सीनियर विल)

वर्गाचे मृत्युपत्र (अन्य नावे: क्लास विल, सीनियर विल) हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हायस्कुलांमध्ये रूढ असलेला विनोदी निरोपलेखनाचा प्रकार आहे. शालेय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणारे विद्यार्थी मृत्युपत्राच्या कायदेशीर भाषेचे विडंबन करून आपल्या ‘मालमत्ते’ची वाटणी करतात आणि मागे राहणारे विद्यार्थी, वर्गमित्र व शिक्षक यांच्या नावे काही ना काही ठेवून जातात. उपाहारगृहातील कोपऱ्यातले टेबल, न उघडणारे लॉकर, उशिरा येऊनही न सापडण्याची हातोटी अशा गोष्टी या मालमत्तेत मोडतात. हा मजकूर शाळेच्या इयरबुकमध्ये अथवा शालेय वृत्तपत्राच्या वर्षाखेरच्या अंकात छापला जातो किंवा निरोपाच्या कार्यक्रमात वाचून दाखवला जातो.

पार्श्वभूमी

अमेरिकेत हायस्कूल सामान्यतः नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘सीनियर’ आणि त्यांच्या मागच्या वर्गाला ‘ज्युनियर’ म्हणतात. पदवीदान समारंभ प्रायः मे किंवा जून महिन्यात होतो. तोपर्यंत बहुतेकांचे महाविद्यालयीन प्रवेश निश्चित झालेले असल्यामुळे अभ्यासातील लक्ष उडते. या अवस्थेला तेथील बोलीत एखाद्या रोगाचे वाटावे असे ‘सीनियरायटिस’ हे नाव आहे. शाळा संपलेली नाही, पण तिचा धाकही उरलेला नाही, अशा या मधल्या काळात हे मृत्युपत्र लिहिले जाते.

मृत्युपत्राचे रूपक येथे दुहेरी काम करते. शाळकरी आयुष्याचा अंत झाला, हा त्यातला विनोद आहे. पण मागे राहणाऱ्यांना काही द्यायचे आहे, ही त्यामागची भावना खरी असते. समवयस्कांसमोर उघडपणे कृतज्ञता व्यक्त करण्यास संकोचणाऱ्या वयातील मुलांना हे रूपक सोयीचे पडते.

विनोदी मृत्युपत्राची परंपरा

मृत्युपत्राचे विडंबन हा प्राचीन साहित्यप्रकार आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास लॅटिन भाषेत रचलेल्या ‘टेस्टामेंटम पोर्सेली’ या छोट्या गद्यकृतीत कत्तलीपूर्वी एक डुक्कर आपल्या अवयवांची वाटणी करते. राठ केस चांभारांना, कान बहिऱ्यांना आणि जीभ वकिलांना, अशी तिची रीत आहे. शाळकरी मुले ही रचना म्हणून हसत असत, असा उल्लेख संत जेरोम याच्या लेखनात आढळतो. त्यामुळे या प्रकाराचे शाळेशी नाते फार जुने असल्याचे दिसते.

मध्ययुगीन फ्रेंच कवी फ्रान्स्वा व्हियाँ हा पॅरिस विद्यापीठाचा पदवीधर होता. त्याने ‘ल ले’ (१४५६) आणि ‘ल तेस्तामाँ’ (१४६१) या काव्यांत हाच साचा वापरला. पॅरिस सोडून जात असल्याचे सांगून तो परिचितांना आणि वैऱ्यांना देणग्या वाटतो. स्वतःचे कापलेले केस न्हाव्याच्या नावे करणे ही त्यांपैकी एक देणगी होय. स्वतःच्या मालकीचे नसलेले दान करणे आणि दानाच्या मिषाने टोला हाणणे, ही त्याची दोन्ही तंत्रे आजच्या शालेय मृत्युपत्रांतही आढळतात.

अमेरिकेतील विकास

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन महाविद्यालयांमध्ये पदवीदानाच्या सुमारास ‘क्लास डे’ साजरा करण्याची प्रथा रुजली. पदवीदानाचा मुख्य समारंभ संस्थेचा असे, तर क्लास डे विद्यार्थ्यांचा. त्यात वर्गाचा इतिहास, वर्गाची कविता, वर्गाचे भविष्य अशा रचना सादर होत. हार्वर्ड विद्यापीठाच्या क्लास डेमधील ‘आयव्ही ओरेशन’ हे भाषण तर विनोदासाठीच ओळखले जाते. हायस्कुलांनी ही प्रथा उचलली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शालेय वार्षिकांमध्ये वर्गाचा इतिहास, भविष्य आणि मृत्युपत्र ही त्रयी वारंवार आढळते. पहिल्यात भूतकाळ, दुसऱ्यात भविष्यकाळ आणि तिसऱ्यात निरोपाचा वर्तमान क्षण, अशी या तिघांची विभागणी असते.

प्रारंभी संपूर्ण वर्गाच्या वतीने एकच मृत्युपत्र लिहिण्याची पद्धत प्रचलित होती. पुढे प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या दोन-चार ओळी स्वतः लिहिण्याची पद्धतही रूढ झाली.

रचना

मृत्युपत्राचे साधारणतः तीन भाग असतात.

प्रस्तावना: शरीराने व मनाने सुदृढ असल्याची ग्वाही देणारे कायदेशीर वाक्य येथे येते. चार वर्षांच्या अभ्यासानंतर मनाच्या सुदृढतेविषयी शंका व्यक्त करणे हा येथील ठरलेला विनोद आहे.

देणग्या: हा मुख्य भाग होय. कोण, कोणाला, काय देतो एवढाच तपशील एका वाक्यात असतो.

समारोप: साक्षीदारांच्या सह्या, मोहोर, दिनांक इत्यादी. साक्षीदार म्हणून शाळेचे मानचिन्ह असलेला प्राणी किंवा उपाहारगृहातील एखादा कुप्रसिद्ध पदार्थ यांचे नाव घातले जाते.

देणग्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार वस्तूंचा: तुटका बाक, पाने सुटलेले पुस्तक, गाडी लावण्याची मोक्याची जागा. दुसरा गुणांचा: ‘माझे टापटीप हस्ताक्षर मी माझ्या धाकट्या भावाला देतो, त्याची त्याला आणि त्याच्या शिक्षकांनाही गरज आहे.’ तिसरा दोषांचा: ‘पहिल्या तासाला झोपण्याची माझी कला मी मागच्या बाकावर बसणाऱ्या कोणाही होतकरू विद्यार्थ्यास देते.’ चौथा प्रकार परंपरेचा. यात संघाचे नेतृत्व, वाद्यवृंदातील जागा, नाटकाच्या पडद्यामागची जबाबदारी अशा गोष्टी विशिष्ट व्यक्तीकडे सोपवल्या जातात. या चौथ्या प्रकारात विनोद बहुधा मावळतो आणि खरे हस्तांतरण घडते. वाद्यवृंद, नाट्यमंडळे आणि क्रीडासंघ यांच्या वर्षाखेरच्या मेजवानीत जुना सदरा, टोपी यांसारखी वस्तू प्रत्यक्ष हाती दिली जाते. काही वेळा अशा वस्तूवर ती पूर्वी वापरलेल्यांची नावे लिहिलेली असतात आणि ती वर्षानुवर्षे पुढे जात राहते.

शिक्षकांसाठी देणग्या

शिक्षकांना दिल्या जाणाऱ्या देणग्यांमध्ये डोकेदुखीच्या गोळ्या, शांत वर्ग, संयमाचा नवा साठा आणि ‘आमच्यापेक्षा बरी मुले’ या नेहमीच्या आहेत. गणिताच्या शिक्षकांना न सुटलेली सर्व उदाहरणे परत करणे, ग्रंथपालांना चार वर्षांपूर्वी नेलेले पुस्तक अखेर ‘दान’ करणे, असेही प्रकार असतात.

या ओळींचे महत्त्व केवळ विनोदापुरते नाही. शिक्षक वर्षभर विद्यार्थ्यांचे मूल्यमापन करतात. विद्यार्थ्यांना मात्र शिक्षकांविषयी जाहीरपणे बोलण्याची संधी क्वचितच मिळते, आणि हे मृत्युपत्र त्यांपैकी एक होय. शिक्षकाची लकब, ठेवणीतले वाक्य, खडू धरण्याची पद्धत हेरून लिहिलेली ओळ त्या विद्यार्थ्याने वर्गात किती बारकाईने पाहिले होते याची साक्ष देते. चांगल्या विनोदासाठी निरीक्षण लागते आणि निरीक्षणासाठी काहीएक आस्था लागते. म्हणूनच अशी थट्टा शिक्षकांना सहसा सन्मानासारखी वाटते.

संपादन आणि वाद

विद्यार्थी-संपादक वसंत ऋतूत मजकूर मागवतात. शब्दमर्यादा घातली जाते आणि सल्लागार शिक्षक मजकूर तपासतात. आद्याक्षरे, टोपणनावे आणि खासगी संकेत यांनी भरलेल्या ओळी तपासणे अवघड असते. बाहेरच्याला निरुपद्रवी वाटणारा शब्द एखाद्या मुलीच्या चारित्र्यावर किंवा मुलाच्या शरीरावर केलेला हल्ला असू शकतो. छापील पुस्तक घरोघरी कायमचे राहते, त्यामुळे असा घाव बोलण्यातल्या थट्टेपेक्षा खोल ठरतो. या कारणाने काही शाळांनी मृत्युपत्रे बंद केली, तर काहींनी टोपणनावांवर बंदी, उल्लेखित व्यक्तीची संमती यांसारखे नियम केले.

विद्यार्थ्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि शाळेचा अधिकार यांविषयीचे दोन न्यायनिर्णय या संदर्भात महत्त्वाचे आहेत. दोन्ही प्रकरणे मृत्युपत्राविषयीची नसली, तरी शालेय विनोदाची आणि छापील मजकुराची सीमा त्यांतून स्पष्ट होते.

बेथेल स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध फ्रेझर (१९८६): वॉशिंग्टन राज्यातील एका विद्यार्थ्याने १९८३ मध्ये शाळेच्या सभेत द्व्यर्थी भाषण केले. त्याला निलंबित करण्यात आले आणि पदवीदानाच्या वक्त्यांच्या यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले. वर्गमित्रांनी मतपत्रिकेवर त्याचे नाव हाताने लिहून त्याला निवडून दिले. कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशामुळे त्याने ते भाषण केलेही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अखेर ७ विरुद्ध २ मतांनी शाळेच्या बाजूने निर्णय दिला.

हेझलवूड स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध कुलमायर (१९८८): शाळेने पुरस्कृत केलेल्या प्रकाशनातील मजकूर शैक्षणिक कारणांसाठी नियंत्रित करण्याचा अधिकार शाळेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स (१९८८), आयोवा (१९८९) इत्यादी राज्यांनी विद्यार्थी-प्रकाशनांना अधिक संरक्षण देणारे कायदे केले.

संबंधित प्रकार

वर्गाचे भविष्य: वीस-पंचवीस वर्षांनंतर कोण काय करत असेल याचे काल्पनिक वर्णन.

सीनियर सुपरलेटिव्ह: ‘सर्वांत विनोदी’, ‘यशस्वी होण्याची सर्वाधिक शक्यता असलेला’ अशा उपाध्या मतदानाने दिल्या जातात. पुढे विख्यात झालेला विनोदी अभिनेता रॉबिन विल्यम्स १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडवुड हायस्कूलमधून बाहेर पडला, तेव्हा वर्गमित्रांनी त्याला ‘सर्वांत विनोदी’ ठरवलेच, शिवाय यश मिळण्याची शक्यता सर्वांत कमी असलेला विद्यार्थीही ठरवले होते.

इयरबुकमधील ओळ: छायाचित्राखाली विद्यार्थ्याची महत्त्वाकांक्षा किंवा आवडते वचन दिले जाते. मिनेसोटातील हिबिंग हायस्कूलच्या १९५९ च्या इयरबुकमध्ये रॉबर्ट झिमरमन या विद्यार्थ्याने लिटल रिचर्ड या गायकाला जाऊन मिळण्याची इच्छा नोंदवली होती. हा विद्यार्थी पुढे बॉब डिलन या नावाने प्रसिद्ध झाला.

अन्य देशांतील समांतर प्रथा

जर्मनीत शालान्त परीक्षेनंतर विद्यार्थी ‘आबीत्सायटुंग’ नावाचे विनोदी नियतकालिक काढतात. त्यात सहाध्यायी आणि शिक्षक यांची व्यक्तिचित्रे असतात. नॉर्वेमधील ‘रुस’ विद्यार्थी विनोदी मजकूर छापलेली स्वतःची ओळखपत्रे वाटतात. पोलंडमध्ये शालान्त परीक्षेच्या सुमारे शंभर दिवस आधी होणाऱ्या ‘स्तुदनिऊफ्का’ या समारंभात शिक्षकांच्या नकला असलेले प्रहसन सादर करण्याची प्रथा आहे.

महाराष्ट्रातील तुलना

महाराष्ट्रातील शाळांमध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांना मंडळाच्या परीक्षेपूर्वी दिला जाणारा निरोप समारंभ प्रायः गंभीर व भावपूर्ण असतो. विनोदी अंगाने अमेरिकन मृत्युपत्राच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे स्नेहसंमेलनातील ‘शेलापागोटे’ किंवा ‘फिशपाँड’. शेला आणि पागोटे ही मुळात सत्काराची वस्त्रे. तोच शब्द येथे उपहासाने वापरला जातो. पेटीत टाकलेल्या चिठ्ठ्यांतून निवडक चारोळ्या व शेरे जाहीरपणे वाचले जातात आणि ज्याच्याविषयी ते असतात त्याच्यावर ‘फिशपाँड पडला’ असे म्हणतात.

दोहोंतील मुख्य फरक कर्तृत्वाचा आहे. फिशपाँड बहुधा निनावी असतो आणि त्यात केवळ घेणारा ओळखला जातो. मृत्युपत्रात देणारा आपल्या नावानिशी पुढे येतो आणि सामान्यतः प्रथम स्वतःच्या उणिवांची यादी देतो. निनावीपणामुळे धिटाई वाढते, पण जबाबदारी सुटते. नाव दिल्याने धार कमी होते, पण थट्टेला उत्तर देण्यासाठी समोर कोणीतरी असते. विनोदी निरोपातून कोणाचे मन दुखावेल की नाही, हे पुष्कळदा या एका गोष्टीवर ठरते.

हे सुद्धा पहा

निरोप समारंभ
स्नेहसंमेलन
विडंबन
फ्रान्स्वा व्हियाँ