पेठेतील दाटी आणि चौकाचे गणित

दाट वस्ती म्हणजे कोंदट वस्ती, असा आपल्या नागरिकांचा आणि नगररचनेच्या नियमांचाही पूर्वापार समज आहे. वस्तुतः किती जमिनीवर किती माणसे राहतात एवढेच दाटीवरून कळते; ती माणसे उजेडात राहतात की अंधारात, हे घरांच्या मांडणीवर अवलंबून असते. पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण आदी पेठांत हा भेद जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

पेठेतील मिळकत बहुधा रस्त्याच्या अंगाला अरुंद आणि आत खोल असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना भिडलेल्या असतात. त्या भिंतींना खिडकी काढता येत नाही. अशा जमिनीवर वाडा बांधणाऱ्या जुन्या कारागिराने दिंडी दरवाजा आणि देवडी ओलांडताच चौक मोकळा सोडला, त्याभोवती ओसरी, माजघर आणि वरच्या माड्या रचल्या, आणि जो उजेड बाजूने मिळणे अशक्य होते तो आकाशातून थेट घराच्या मध्यभागी उतरवला. सागवानी खांब आणि तुळया यांच्या सांगाड्यावर भार तोललेला असल्यामुळे आणि खोल्या खणांच्या हिशेबाने मोजल्या जात असल्यामुळे, अरुंद असो वा रुंद, कोणत्याही जागेत ही रचना सहज बसत असे.

या रचनेमागील गणित साधे आहे. लांबीरुंदीला २० मीटर असलेल्या चौरस भूखंडाच्या कडेकडेने ४ मीटर रुंदीचा पट्टा बांधून काढला, तर २५६ चौरस मीटर जमीन बांधली जाते आणि मध्ये १२ मीटरांचा चौक मोकळा राहतो. तेवढेच बांधकाम भूखंडाच्या मध्यभागी एकसंध केले, तर १६ मीटरांचा ठोकळा होतो आणि त्याच्या चहूबाजूंना अवघ्या दोन मीटरांचा बोळ उरतो. बांधकाम तेच, मोकळी जागाही तितकीच; परंतु पहिल्या रचनेत कोपरे वगळता कोणतीही खोली चौकापासून चार मीटरांपलीकडे जात नाही, तर दुसरीत मधला भाग खिडकीपासून आठ मीटर दूर अंधारात राहतो. केंब्रिजच्या लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हेच तत्त्व भूमितीने मांडून दाखविले. पेठांतील वाडे त्या तत्त्वावर कितीतरी आधीपासून उभे होते.

मग हे वाडे गेले कोठे? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराशी जखडली गेली आणि मालकाला दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील मातीत बांधलेल्या भिंती भिजून खचल्या. आणि जे उभे राहिले, त्यांचे दस्तऐवज वारसांच्या व भाडेकरूंच्या दिवाणी दाव्यांत अडकून पडले. त्यांच्या जागी ज्या इमारती आल्या, त्यांच्यात चौक नाहीसा होऊन बाजूला सामासिक अंतर आले. सहा मीटर रुंदीच्या मिळकतीत दोन्ही अंगांना एकेक मीटर सोडला की तृतीयांश रुंदी खर्ची पडते, आणि हाती येतो तो असा बोळ, ज्यात ऊन उतरत नाही आणि मूल खेळत नाही. त्यातच जिना, उद्वाहक आणि वाहनतळ यांची तजवीज प्रत्येक मिळकतीने स्वतंत्रपणे करायची, म्हणजे राहण्यासाठी फारच थोडे शिल्लक राहते. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांच्या आत नव्या बांधकामाला कायद्याने मनाई आहे, ती अडचण निराळीच.

यावरचा उपाय एकेकट्या मिळकतीत सापडणार नाही. लगतच्या तीनचार मिळकती एकत्र केल्या, तर एक चौक, एक जिना, एक उद्वाहक आणि पाण्याची एक टाकी सर्वांना पुरते, आणि रस्त्याकडची दुकाने जागच्या जागी राहतात. किती मजले चढवावेत याचा निर्णयही चौकच देतो: १२ मीटर रुंद चौकाभोवती तीन मीटरांचे चार मजले चढविले, तर उंची चौकाच्या रुंदीइतकीच होते, तळमजल्यावरूनही आकाश दिसते आणि चटई क्षेत्र वरच्या उदाहरणातील भूखंडाच्या अडीचपटीहून अधिक भरते. याहून उंच जाण्याचा मोह धरला, की चौकाची विहीर होते. पाया खणताना मात्र शेजारची दगडमातीची जुनी भिंत सांभाळून, थोड्या थोड्या लांबीचे टप्पे घेत काम करावे लागते. घाई येथे परवडत नाही.

मिळकती एकत्र आणणे अशक्य नाही. मुंबईच्या भेंडीबाजारात सुमारे अडीचशे जुन्या इमारतींची एकत्रित पुनर्रचना हाती घेण्यात आलीच आहे. तेथे मनोऱ्यांचा मार्ग पत्करला गेला, तो पेठांना मानवणारा नाही, पण मालक आणि भाडेकरू यांचे हक्क एका करारात गोवता येतात, एवढे त्यावरून सिद्ध होते. नियमकर्त्यांनी आता एवढेच करावे, की मोकळी जागा किती सोडायची ते फर्मावावे आणि ती कडेला सोडायची की मध्यभागी, हे ठरविण्याची मुभा वास्तुरचनाकाराला द्यावी. असा एक पर्याय नियमांत आला, तर पेठेतील रहिवाशाला उजेडासाठी उपनगर गाठण्याचे कारण उरणार नाही.