माहेरची फाईल

वंशावळ काढताना पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. कॅन्सर झालेला असला की आत काळं भरायचं, माणूस गेलेलं असलं की तिरपी रेघ मारायची. आमगावकडच्या एका घरी नर्सिंग शिकणारी पुतणी वहीवर हे काढत होती, तेव्हा मी शेजारी होतो. काकांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तपासणीत एमएलएच1 जनुकातला दोष, म्हणजे लिंच सिंड्रोम निघाला होता. चौकोन भराभर झाले. दिलेल्या मुलींपाशी मात्र सगळे अडखळू लागले. काकांची आत्या बालाघाटला दिलेली, ‘पोटाच्या दुखण्यानं गेली’, एवढंच माहीत. आतून आजी म्हणाल्या, “पोट नाही जी, तिला अंगावरून जायचं. पाळी बंद झाल्यावरही जायचं.”

लिंचमध्ये आतड्याइतकाच गर्भाशयाचा कॅन्सरही पाहावा लागतो. दोष आईकडूनही येतो, वडिलांकडूनही. प्रत्येक अपत्याला शक्यता 50 टक्के. आपल्या वंशावळी मुलाच्या मुलापर्यंत जातात, मुलगी सासरी गेली की तिची शाखा कागदावरून पुसली जाते. ही गोष्ट माझ्या जिवाला फार लागते. कारण या आजाराचा पहिला धागा एका बाईनंच दिला होता. 1895 मध्ये अमेरिकेत शिवणकाम करणारी एक बाई डॉ. आल्ड्रेड वॉर्थिनना म्हणाली की आमच्या घरात सगळे कॅन्सरनंच जातात, मीही जाईन. ती गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. तिच्या घराण्याची हकीकत वॉर्थिननी 1913 मध्ये छापली.

दोष सापडला की पहारा जन्मभराचा. एमएलएच1 असलेल्यानं विशी-पंचविशीपासून दर 1-2 वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीनं आतड्याची तपासणी, करायची, कारण या घराण्यांत आतड्यातली साधी गाठ फार लवकर बिघडते. फिनलंडमधल्या 15 वर्षांच्या अभ्यासात दर 3 वर्षांनी तपासणी करणाऱ्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर 62 टक्क्यांनी कमी आढळला.

तपासणीहून तिची तयारी अवघड. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात एक सोय आहे, पांढरा भात चालतो. पातळ वरण चालतं. जवसाची चटणी, वांगं, पालेभाजी बंद. लाल सरबतही नाही, कॅमेऱ्यात ते रक्तासारखं दिसतं. मग जुलाबाची पावडर कालवलेलं पाणी, अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. शेवटी बाहेर पडतं ते फिकट पिवळं, स्वच्छ पाणी असावं लागतं. पहाटेचा डोस घेऊन गोंदियाहून नागपूरची गाडी धरणं शक्यच नाही. म्हणून काका आदल्या दिवशीच नागपूरला भाच्याकडे उतरतात, संडासाजवळची खोली मागून घेतात. तारखा पुतणीच्या वहीत असतात.

घरात कुजबुज होती, पोरींची लग्नं जमायची आहेत, कशाला बोलायचं? ही भीती खरी आहे. पण लपवण्याची किंमत पोरींनाच मोजावी लागते. घरातला दोष एकदा कळला की बाकीच्यांच्या रक्तात तेवढाच शोधायचा असतो. तो नसला तर दर 1-2 वर्षांची नळीही टळते.

काकांच्या बालाघाटच्या आतेबहिणीला त्या रात्री आजींनी स्वतः फोन लावला. तिला दोन मुली, 26 आणि 17 वर्षांच्या. आधी आईचं रक्त तपासायचं ठरलं. तिच्यात दोष नसेल तर दोघी सुटल्या. असेल तर थोरलीनं लगेच, आणि धाकटीनं अठरा पूर्ण झाल्यावर, तिचं तिनं ठरवून.